कारण न विचारणाऱ्या गोदेस

गोदा,

परवा तुझी तेरवी झाली. वांग्याची भाजी अळणी होती, बुंदी मात्र चांगली झाली होती, आणि तुझा थोरला भाऊ खाप्याहून येऊन पंगतीत आग्रह करकरून वाढत होता. तू असतीस तर पहिल्याच घासाला माझ्या कानाशी लागून म्हणाली असतीस, "मीठ टाकाले विसरले काय वं हे?" तू गेल्यावर मला घास उतरणार नाही असं वाटलं होतं. उतरला. बुंदी तर मी दोनदा घेतली. तुला ते आवडलंच असतं, कारण दुःखात उपाशी बसणाऱ्या माणसांचा तुला भारी राग.

त्याआधी शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तरांनी कागद काढून तुझी नोकरी किती वर्षं झाली, कुठकुठल्या शाळांत झाली, सगळं वाचून दाखवलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्यात तू कुठंच नव्हतीस. माझी पाळी आली तेव्हा मी उठले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. सगळ्यांना वाटलं, हुंदका आला. हुंदका नव्हता गं, राग होता. आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस त्याचा राग. चौदा वर्षं चाललेलं भांडण. चौथीतल्या यशोधरेला तू स्कॉलरशिपच्या परीक्षेला 'नाही' म्हणू दिलंस, ते बरोबर की चूक, एवढाच त्यातला मुद्दा होता, आणि मी म्हणत आले की चूक. परवा तेरवीच्या दिवशी त्याचा निकाल लागला. ऐकायला तू नाहीस, म्हणून लिहिते आहे.

पण निकालाची मला घाई नाही. आधी तुझ्याशी जरा बोलू दे.

मी शाळेत रुजू झाले तो दिवस आठवतो तुला? सक्करदऱ्याच्या तलावाकडून सायकल दामटत मी आले, आणि चौथी 'अ'च्या वर्गात डोकावले तर बाईच दिसेनात. खुर्ची रिकामी, मुलं गोल करून बसलेली. मला वाटलं, बाई रजेवर आहेत. तेवढ्यात त्या गोलातून एक हात वर आला. "इकडं आहो मी, या." तू टाटपट्टीवर मांडी घालून बसली होतीस आणि एक मुलगा तुला पतंग एका बाजूला झुकत असेल तर कुठं गाठ मारायची ते शिकवत होता. तू त्याला दोनदा चुकून दाखवलंस. तिसऱ्यांदा गाठ बरोबर बसली तेव्हा तो तुझ्या पाठीवर थाप मारून मोकळा झाला. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. बाईंच्या पाठीवर मुलानं थाप मारायची ही कल्पनाच मला झेपली नाही.

पहिल्याच आठवड्यात मी तुझी भाषा सुधारायला घेतली. "गोदाबाई, वर्गात तरी मले-तुले नको. पुस्तकातलं बोलावं." तू गंभीर चेहऱ्यानं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बोलून पाह्यलं वं. मंग लेकरं माह्याशी बोलतच नाहीत." मी डबा उघडला. तू माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी न विचारता घेतलीस, आणि आपली मैत्री झाली ती अशी.

मग तुला सायकल शिकायची हुक्की आली. माझी सायकल बघून आली, असं तू सगळ्यांना सांगायचीस. मी शिकवते म्हटलं तर म्हणालीस, "तू रागावशीन. पोट्टे बरे." तुझ्या वर्गातले पाच-सहा जण शाळा सुटल्यावर तलावाजवळच्या मैदानात तुझ्या सायकलमागे धावायचे. तू पडायचीस, नऊवारीचा काष्टा सावरून पुन्हा चढायचीस, आणि ती मुलं कमरेवर हात ठेवून तुला सूचना द्यायची. महिन्याभरानं त्यांनी तुझं प्रगतिपुस्तक केलं. तोल: बरा. वळण: कमजोर. शेरा: बाई मेहनती आहेत पण उतारावर घाबरतात. ते प्रगतिपुस्तक तू भावाकडून सही करून आणलंस आणि मुलांना परत दाखवलंस. मी हसले खरी, पण तेव्हा मनातून तुझी थोडी कीवही केली होती. शिक्षकानं इतकं खाली उतरू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

चिंचोक्यांची गोष्ट मात्र गमतीतून सुरू झाली नव्हती. लोकांना तसं वाटतं, कारण तू ती हसत हसत सांगायचीस. साहेब तपासणीला आले होते आणि तुझ्या वर्गातल्या वामनचा गळा गोड. तू त्याला गायला सांगितलंस. तो उठून खाली मान घालून उभा राहिला. तू मायेनं दुसऱ्यांदा म्हटलंस, तिसऱ्यांदा त्याचा गाल कुरवाळून म्हटलंस. चौथ्यांदा म्हटलंस तेव्हा त्याची चड्डी ओली झाली आणि सगळा वर्ग हसला. साहेब गेल्यावर तू शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटाकडे तोंड करून रडत होतीस. मी म्हटलं, "अगं, तू काय मारलंस का त्याला?"

"मारलं असतं तं बरं झालं असतं," तू म्हणालीस. "मी लाडानं म्हणून राहिली होती. अन् त्याले नाही म्हणता नाही आलं, सुमन. कसं म्हणावं हे त्याले आपण शिकवलंच नाही."

पुढच्या सोमवारी तू पदरात चिंचोके घेऊन आलीस. शाळेमागच्याच चिंचेचे, धुऊन पुसून. प्रत्येकाच्या हातावर एक ठेवलास. आठवड्यातून एकदा, जे करायचं नसेल त्या वेळी हा चिंचोका बाईंच्या टेबलावर ठेवायचा आणि 'नाही' म्हणायचं. मग ते गाणं असो, वाचन असो, फळ्यावरचं गणित असो, बाई 'बरं' म्हणणार. शनिवारी उरलेले चिंचोके परत. आणि एक नियम फक्त बाईंसाठी, कारण विचारायचं नाही.

मी म्हटलं, हे फाजील लाड आहेत. कारण न विचारता सोडायचं म्हणजे काय? तू म्हणालीस, "कारण इचारलं का लेकरू खोटं बोलते. पोट दुखते म्हणते. खोट्यापेक्षा मले नाही बरं."

पहिल्या आठवड्यात एकही चिंचोका टेबलावर आला नाही. मुलं तो मुठीत धरून बसायची, खिशात चाचपून बघायची. दुसऱ्या आठवड्यात एक लहानखुरी मुलगी आली, चिंचोका ठेवला, 'नाही' म्हणाली आणि पळत जाऊन आपल्या जागेवर भिंतीकडे तोंड करून बसली. तिला पाटी दाखवायची नव्हती. तू "बरं" म्हणालीस आणि पुढच्या मुलाकडे वळलीस. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी आपणहून पाटी घेऊन तुझ्याकडे आली.

मग पोरांना चटक लागली, आणि मी ज्याची वाटच पाहत होते तो दिवस उजाडला. एकोणिसाचा पाढा होता. तू "चला" म्हणालीस आणि एकेक करून चौतीस चिंचोके टेबलावर आले. मी मधल्या दारातून बघत होते. तू चौतीस वेळा "बरं" म्हणालीस, खिडकीशी जाऊन बसलीस, आणि वर्गात काहीच झालं नाही. मुलं आधी हसली, मग चुळबुळली, मग चिडीचूप झाली. तेवढ्यात हेडमास्तर आले.

"काय चाललंय?"

"काही नाही सर. वर्ग नाही म्हणून राहिला."

"आणि तुम्ही काय करताय?"

"मी ऐकून राहिली."

हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले, जणू मी त्याचा अर्थ सांगणार होते. मी फळ्याकडे वळले. खरं सांगते, मला आनंद झाला होता. आता ही फसली, असं वाटून झालेला आनंद.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर चौघं जणं तुझ्याकडे आली. चिंचेखाली त्यांची बैठक झाली होती म्हणे. सगळ्यांनी मिळून एका गोष्टीला नाही म्हणायचं असेल, तर त्याच्या जागी काय करायचं तेही आपणच सांगायचं, असा नियम त्यांनी स्वतः केला होता. पाढा त्यांना पाठ करायचा नव्हता, ओळीत चिंचोके मांडून बनवायचा होता. दोन दिवस तुझ्या वर्गात नुसता तोच पसारा. माझ्या वर्गानं तो पाढा एका सकाळी पाठ करून टाकला आणि मी तुला ते ऐकवलंही. दिवाळीनंतर मी गुपचूप दोन्ही वर्गांतल्या मुलांना विचारून पाहिलं. माझी निम्मी मुलं अडखळली. तुझी अडखळली नाहीत. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

मुलांनी तुलाही दर सोमवारी एक चिंचोका द्यायला सुरुवात केली होती. तू तो क्वचितच वापरलास. कुणी मंत्री यायचे होते आणि हेडमास्तरांनी फर्मान काढलं की मुलींनी अंगण झाडावं, मुलांनी पाहुण्यांपुढे लेझीम खेळावं. तू त्यांच्या टेबलावर चिंचोका ठेवलास. ते त्याच्याकडे पाहतच राहिले. शेवटी मुलामुलींनी मिळून झाडलं आणि मिळूनच लेझीम खेळलं, कारण वर्गानंच तसं ठरवलं होतं. मंत्री आलेच नाहीत हा भाग वेगळा.

माझ्या घरापर्यंतही ही साथ पोचली. माझा धाकटा सहा वर्षांचा होता. तू त्याला एकदा चिंचोका दिलास आणि त्यानं तो दुधीच्या भाजीशेजारी ठेवला. मी तुझ्या नावानं बोटं मोडली. तुला म्हटलंही, "मुलांना नाही म्हणायला शिकवावं लागत नाही गोदा, ते जन्मतःच येतं. हो म्हणायला शिकवावं लागतं."

"तुह्या घरी येत असन," तू म्हणालीस. "या पोट्ट्यायच्या घरी नाही येत."

मी तेव्हा हे वाक्य ऐकलं, पण त्याचा विचार केला नाही. आज वाटतं, त्या एका वाक्यात तू मला सगळं सांगितलं होतंस.

आता यशोधरा.

तुझ्याच वर्गातली. वडील मिलमध्ये, आई घरी बिड्या वळायची. आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि नंतर झालेल्या पहिल्या मुलीचं नाव मोठ्या हौसेनं यशोधरा ठेवलेलं. मी तोंडी गणित घालायचे तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. चौथीच्या स्कॉलरशिपची तयारी माझ्याकडे असायची. दोन्ही तुकड्यांतली सात मुलं मी निवडली, त्यात तिचं नाव पहिलं. दिवाळीनंतर रोज सकाळी, शाळेच्या आधी, माझ्या घरच्या ओसरीवर अभ्यास. फी नाही, काही नाही. मला त्याचा फार अभिमान होता. शाळेत मी कधी कुणाची जात पाहिली नाही, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगत असे.

तीन आठवडे ती नियमानं आली. चौथ्या सोमवारी तिनं तुझ्या टेबलावर चिंचोका ठेवला. "स्कॉलरशिप नाही, बाई." तू "बरं" म्हणालीस.

मला कळलं तेव्हा मी वर्ग सोडून तुझ्याकडे आले. "अगं, हे काय गाणं आहे का? तिचं पुढचं सगळं यावर आहे. दहा वर्षांच्या मुलीला काय कळतं?"

"नाही कळत असन."

"मग विचार तिला. निदान कारण तरी विचार."

"नियम माहा आहे, सुमन. मीच मोडला तं उद्या कोण येईन माह्या टेबलापाशी?"

"तुझ्या नियमापायी पोरीचं वाटोळं होईल."

तुझा चेहरा उतरला होता. तुलाही ती परीक्षेला बसायला हवी होती, हे मला दिसत होतं, म्हणूनच मी ते वाक्य नेमकं तिथं मारलं. तू तिला एवढंच सांगितलंस, की मन बदललं तर अर्ज जाईपर्यंत केव्हाही ये. ती आली नाही. मी स्वतः तिला मधल्या सुट्टीत गाठलं. "का गं यशोधरा, का नाही?" ती जमिनीकडे बघत म्हणाली, "पोट दुखते, बाई."

सहा दिवस आपण बोललो नाही. सातव्या दिवशी तू माझ्या टेबलावर भाकरी आणि ठेचा ठेवून निघून गेलीस. ठेचा इतका तिखट होता की मला पाणी मागायला तुझ्याकडेच यावं लागलं. बोलणं सुरू झालं, पण भांडण मिटलं नाही.

सहावीत तिला वडिलांनी शाळेतून काढलं. मिलचं काही खरं नव्हतं, घरात धाकटी तीन भावंडं. ती आईशेजारी बिड्या वळायला बसली. मी बातमी घेऊन तुझ्याकडे आले आणि म्हटलं, "बघ. स्कॉलरशिप असती तर काढलं असतं का?" त्याच रविवारी तू सायकल काढून तिच्या घरी गेलीस, आणि मग दर रविवारी जात राहिलीस. दोन वर्षं तू तिला घरी शिकवलंस, वडिलांच्या पाया पडून पुन्हा शाळेत घातलंस, मॅट्रिक होईपर्यंत तिचा पिच्छा सोडला नाहीस. आज ती दवाखान्यात नर्स आहे. मी त्याला तुझं प्रायश्चित्त म्हणायचे. तुझ्या तोंडावर म्हणायचे, आणि शिक्षकांच्या खोलीत चारचौघींतही म्हणायचे. तू म्हणायचीस, "असन."

तुझ्या शेवटच्या दुखण्यातसुद्धा मी सोडलं नाही. उशाशी बसून मोसंबं सोलत होते आणि म्हटलं, "गोदा, आता तरी एकदा मान्य कर, तेव्हा चुकलीस." तू हसलीस. "सोडणार नाही ना वं तू?" म्हणालीस, आणि माझा हात धरून, "तू लई चांगली मास्तरीण आहेस." मला वाटलं, हरलीस आणि कबूल करायला लाजतेस. मी मोसंब्याची फोड तुझ्या तोंडात घातली.

परवा पंगती उठल्यावर मी तुमच्या ओट्यावर पाय सोडून बसले होते. यशोधरा येऊन शेजारी बसली. पांढरं पातळ, डोळे सुजलेले. तुझ्या आजारपणात तिनं रात्रपाळ्या बदलून घेऊन तुझं सगळं केलं, हे मला तुझ्या भावानं सांगितलं होतं. आम्ही तुझ्या सायकलबद्दल थोडं बोललो, थोडं हसलोही. मग माझ्यानं राहवलं नाही.

"यशोधरा, एक विचारते, खरं सांग. तेव्हा स्कॉलरशिपला नाही का म्हणालीस?"

"गोदाबाईंनी सांगतलं नाही तुम्हाले?"

"तिला कुठं माहीत होतं?"

"माहीत होतं. मी पाचवीत गेली तेव्हा सांगतलं होतं. तुमच्या घरी अभ्यास झाला का तुमच्या सासूबाई पाणी द्यायच्या. सहा जणायले पेल्यात. मले म्हणायच्या, ओंजळ कर, अन् वरून टाकायच्या. शाळेत तं आम्ही सारे एकाच माठातलं पेत होतो. मले समजेना इथंच असं काहून. मंग मी आईले इचारलं. आईनं सांगतलं, अन् आई रडली. म्हणून मी नाही म्हटलं."

ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती. पेशंटच्या नातेवाइकांना सांगताना नर्सचा आवाज असतो, तसा.

"गोदाबाई म्हणे, सुमनबाईले सांगू काय? मी म्हटलं, नका सांगू. तुम्ही लई मनापासून शिकवत होत्या. तुम्हाले वाईट वाटलं असतं. तं त्या बरं म्हणाल्या."

बरं म्हणालीस, गोदा. अकरा वर्षांच्या मुलीनं तुला नको सांगू म्हटलं आणि तू शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलं नाहीस. मी तुला वाटोळं केलंस म्हणत होते, प्रायश्चित्त करतेस म्हणून हिणवत होते, आणि माझं तोंड कायमचं बंद करणारं वाक्य तुझ्याजवळ सगळा वेळ तयार होतं. मला कधी कधी वाटायचं, हिच्यापाशी युक्तिवाद संपला की ही 'असन' म्हणते. माझ्याच चुकीचा दोष माझ्याच तोंडून तू वर्षानुवर्षं ऐकून घेतलास, आणि वर माझ्या डब्यातली भाजी खाल्लीस. कशी गं तू. मला तुझा राग आला आणि तुझ्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, दोन्ही एकदम.

यशोधराच पुढे म्हणाली, "बाई, तुम्हाले माहीत नसन ना तेव्हा? तुम्ही तं वह्या तपासत होत्या."

तिनं मला वाट करून दिली होती. चौथीतल्या पोरीनं मला जसं सांभाळून घेतलं होतं तसंच आत्ताही. 'हो गं, माहीत नव्हतं' एवढं म्हणायचं होतं. तिनं ते मानलं असतं, आणि आम्ही दोघी तुझ्या आठवणी काढत पुन्हा हसलो असतो.

वह्या तपासत होते हे खरं आहे. पण एका सकाळी मी मान वर केली होती. तिच्या ओंजळीतलं पाणी कोपरावरून फ्रॉकवर ओघळत होतं. मी पाहिलं. सासूबाईंशी सकाळी सकाळी कोण वाद घालणार, नंतर बघू, असं मनात आलं, आणि मी पुढच्या वहीवर बरोबरची खूण केली. थोड्याच दिवसांत ती यायची थांबली, आणि मग बघायचं काही उरलं नाही. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं, गोदा. तुझ्यावर वर्ग सोडून ओरडायला आले ती त्याच दिवशी. नंतरची सगळी वर्षं तुझ्याशी एवढ्या चढ्या आवाजात भांडत राहिले, कारण आवाज खाली आला असता तर मला ते आठवलं असतं.

"माहीत होतं," मी म्हटलं. "मी पाहिलं होतं, यशोधरा. पाहिलं आणि गप्प बसले."

आत बायका भांडी आवरत होत्या, तुझा भाऊ उरलेली बुंदी कुणाकुणाला बांधून देत होता. मी म्हटलं, "मला माफ कर असं म्हणायचं आहे, पण तू लगेच काही बोलू नकोस." माझ्या सोयीसाठी तिनं पुन्हा एकदा 'जाऊ द्या बाई' म्हणावं, हे मला नको होतं. ती उठली, तुझ्या भावाचा निरोप घेतला आणि ड्युटीवर गेली.

हे आधी तुला सांगायला हवं होतं, तू होतीस तोवर. तू म्हणाली असतीस, मले काहून सांगतेस, तिले सांग. तर तिला सांगितलं. तिनं अजून काही कळवलेलं नाही. काय म्हणायचं आणि म्हणायचं की नाही, हे तिनं ठरवायचं आहे, आणि तोवर थांबायचं काम माझं आहे.

तुझी,
सुमन